मुंबईची सुहैली आणि जुन्या होड्यांची डागडुजी

आमच्याकडे सुहैल हे नाव मुबलक. माझ्या जवळपास प्रत्येक वर्गात एक तरी सुहैल असतो. नावाचा अर्थ विचारला की ‘एक तारा’ एवढं उत्तर येतं. कोणता तारा, ते घरात कुणी सांगितलेलं नसतं. सुहैल म्हणजे रात्रीच्या आकाशातला व्याधाच्या खालोखाल तेजस्वी तारा, मराठी पंचांगातला अगस्ती. अरबस्तानात ऑगस्टच्या अखेरीस तो पहाटे दक्षिणेला दिसू लागला की उन्हाळा सरला असं मानतात. आपल्याकडे अगस्तीचा उदय झाला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं, असं जुनी माणसं म्हणत. फारसी-उर्दू शायरीत तो ‘सुहैल-ए-यमन’ होऊन येतो आणि त्याच्या किरणांनी यमनच्या चामड्याला रंग नि सुगंध चढतो. इराणच्या आखातातल्या अरब खलाशांनी दक्षिणेकडून येणाऱ्या एका वाऱ्यालाही या ताऱ्यावरून नाव दिलं : सुहैली.

१९ डिसेंबर १९६४ रोजी मुंबईत ३२ फूट लांबीची एक शिडाची होडी पाण्यात उतरली. तिचंही नाव सुहैली. सव्वाचार वर्षांनी याच होडीतून एक माणूस एकट्याने, वाटेत कुठल्याही बंदराला न लागता, पृथ्वीची फेरी मारून परतला. तोवर हे कुणीही केलेलं नव्हतं. त्या माणसाचं नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याला पुढे ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच्याविषयी भरपूर लिहिलं गेलं. मला लिहायचंय ते होडीविषयी, आणि त्यातही तिच्या डागडुजीविषयी. साठ वर्षांची लाकडी होडी तरंगत राहते, तेव्हा कुणीतरी साठ वर्षं तिची दुरुस्ती करत आलेलं असतं.

नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन या कंपनीत अधिकारी होता. कोकणातल्या आमच्या घरांना ही कंपनी ‘बी.आय.’ म्हणून ठाऊक आहे. मुंबईहून कराची, मस्कत, बहरीन, कुवेत, बसरा असा मार्ग धरणारी तिची जहाजं आमच्या कितीतरी आजोबा-पणजोबांना पहिल्यांदा परदेशी घेऊन गेली. काही जण प्रवासी म्हणून गेले, कितीतरी जण खलाशी म्हणून. तर या कंपनीच्या काही तरुण अधिकाऱ्यांनी ठरवलं, मुंबईत एक होडी बांधून घ्यायची आणि तिच्यातून इंग्लंडला जायचं. मनात होता तो आराखडा त्यांना मिळालाच नाही. हाती आला तो विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन आरेखकाचा ‘एरिक’, १९२० च्या दशकातला. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळात लोकांना वाचवायला जाणाऱ्या कॉलिन आर्चरच्या नौकांवर तो बेतलेला : दोन्ही टोकं निमुळती, पोट रुंद, तळाचा कणा लांब आणि खोल. दिसायला जुनाट, चालायला संथ. वेळ आणि पैसा दोन्ही मर्यादित असल्यामुळे तोच घेतला.

कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये १९६३ साली काम सुरू झालं. लाकूड सागवान. हत्यारं म्हणजे करवत, वाकस आणि दोरीने फिरवायचा हातड्रिल. तेव्हा युरोप-अमेरिकेत होड्यांचे कारखाने साचे वापरून ग्लासफायबरच्या होड्या पाडू लागले होते, आणि इथे मिस्त्री सागाची एकेक फळी वाकसाने तासून बसवत होते. जाड फळ्या, जाड बरगड्या, गरजेपेक्षा जास्तच मजबूत काम. ‘वजन वाढेल, वेग कमी होईल’ ही शर्यतीची भाषा. समुद्रात टिकली पाहिजे, ही मुंबईच्या मिस्त्रीची भाषा.

या भाषेमागे मोठा इतिहास आहे. सुरतेहून मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गोदीत सागवानाची जी जहाजं बांधली, त्यातलं एक अजूनही पाण्यावर आहे. जमशेदजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आहे. १९८७ मध्ये तिथे नेऊन त्याची दुरुस्ती केली, ती पुरी व्हायला २००१ उजाडलं. ओकच्या लाकडाची त्या काळी ब्रिटिश आरमाराला टंचाई होती. मलबारचा साग तेलकट, सहजासहजी न कुजणारा, लोखंडी खिळ्याला सांभाळून घेणारा. दोनशे वर्षांनंतरही जहाज उभं राहण्यात त्या लाकडाचा वाटा मोठा आहे.

पण वाडियांचं नाव राहिलं, तसं वाकस चालवणाऱ्यांचं राहिलं नाही. सुहैलीचंही तेच. जगभरच्या लेखांत तिच्या जन्माविषयी साधारण एक ओळ असते : मुंबईत, सागवानात, स्थानिक कारागिरांनी पारंपरिक पद्धतीने बांधली. ते ‘स्थानिक कारागीर’ कोण? इथे मला एक मोह होतो, तो सांगतो. कुलाब्याच्या त्या मिस्त्रींत कोकणातला एखादा हसनमियाँ किंवा अब्दुल रहिमान असेलच, असं ठोकून द्यावं, म्हणजे आपल्या लोकांना बरं वाटेल. मी तसं करणार नाही. ते हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते, गुजराती होते की मालवणी, यावर माझा कोणताही दावा नाही. दाव्यांच्या इतिहासाने आपलं पुरेसं नुकसान झालेलं आहे.

मात्र त्या गोदीत बोलली जाणारी भाषा कुणाची होती, हे सांगता येतं, आणि तो माझा विषय आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त जहाजावरच्या माणसांच्या बारा वर्गांची यादी आहे. त्यात नाखुदा आहे, म्हणजे नावेचा खुदा, धनी. आपल्या कोळी बांधवांचा ‘नाखवा’ तो हाच. तांडेल आहे. सरहंग आहे, त्याचा आपण सारंग केला. शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या ‘दर्यासारंग’ या नावात दर्याही फारसी आणि सारंगही. सुक्कानगीर आहे, म्हणजे सुकाणू धरणारा. सुक्कान हा अरबी शब्द मराठीत इतका मुरला की तो बाहेरून आला होता हेच आपण विसरलो. बंदर, जहाज, खलाशी, तुफान, मोसम, सगळे त्याच वाऱ्याने आलेले. आणि त्या यादीत मुअल्लिम आहे. अरबीत मुअल्लिम म्हणजे शिक्षक. जहाजावर मात्र मुअल्लिम म्हणजे ताऱ्यांवरून वाट काढणारा, खोली नि वारे जाणणारा माणूस. पंधराव्या शतकातला इब्न माजिद हा अशा मुअल्लिमांतला सर्वांत नावाजलेला. सुहैलसारख्या ताऱ्यांची उंची मोजून आपण कुठे आहोत ते ठरवण्याचं शास्त्र त्याने ग्रंथबद्ध केलं. उर्दू शिकवून पोट भरणाऱ्या मला हा शब्द विशेष आवडतो, हे वेगळं सांगायला नको.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, खलाशी होते. त्यांच्या नोकरीच्या नोंदीचं पुस्तक आमच्याकडे अजून आहे. घरात त्याला ‘नळी’ म्हणतात, कारण जुने खलाशी हे कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत. ब्रिटिशांच्या बोलण्यातही हा शब्द ‘नली’ होऊन गेला. नाना निवृत्त झाल्यावरही घरात जड वस्तू उचलायची झाली की ‘हबेस’ म्हणत आणि खाली ठेवताना ‘आर्या’. मुंबईत क्रेनवर काम करणारी माणसं आजही हेच ओरडतात. ‘आर्या’ हा पोर्तुगीज शब्द, खाली सोड. अरबी, फारसी, पोर्तुगीज, मराठी, कोकणी, सगळं एका दोरीत वळलेलं होतं.

आता समुद्रात.

१९६५ च्या डिसेंबरात सुहैली मुंबईहून निघाली. मस्कत, पूर्व आफ्रिकेचा किनारा, दक्षिण आफ्रिका. पैसे संपले तेव्हा तिथे थांबून नोकऱ्या केल्या आणि मग केपटाऊनहून ७४ दिवसांत न थांबता लंडन. शतकानुशतकं मोसमी वाऱ्यांवर जाणाऱ्या आपल्या गलबतांची वाट पहिल्या अर्ध्यात जवळपास हीच होती. पुढे १९६८ मध्ये ‘संडे टाइम्स’ने एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा जाहीर केली. नऊ जण निघाले. नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. बाकी कुणीही शर्यत पुरी करू शकला नाही.

या नऊपैकी जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ यांच्या होड्या ग्लासफायबरच्या होत्या, दोन्ही ३० फुटी, कारखान्यात बनलेल्या, किनाऱ्याजवळ सहलीला वापरायच्या. रिजवेने ब्राझीलला शर्यत सोडली, ब्लाइथने दक्षिण आफ्रिकेत. यावरून ‘लाकूड जिंकलं, फायबर हरलं’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो खरा नाही. त्या होड्यांचा आराखडाच दक्षिणेच्या महासागरासाठी नव्हता; पोटाखाली दोन आखूड कणे, ओहोटीला वाळूवर नीट उभं राहता यावं म्हणून दिलेले. आणि सुहैलीही गळत होतीच.

ती गळती कशी थांबवली, हे मी मुलांना वर्गात सांगतो तेव्हा मागचा बाकसुद्धा गप्प बसतो. अटलांटिकमध्ये उतरल्यावर होडीत पाणी भरू लागलं. डोलकाठीच्या जवळ, पाण्याखाली साधारण पाच फुटांवर, फळ्यांमधली सांध उघडली होती, सात-आठ फूट लांबीची. दुसऱ्या बाजूलाही तसंच. लाकडी होडीच्या सांधेत पिळलेला कापूस किंवा काथ्या ठोकून वर राळ किंवा डांबर लावतात. आपल्याकडचे होडीवाले दर मोसमात हे करतात. अरबीत याला कलफ म्हणतात, पोर्तुगीजांनी त्याचं कलाफाते केलं. पण हे काम होडी किनाऱ्यावर कोरडी असताना करायचं असतं. याने ते भर समुद्रात, पाण्याखाली श्वास कोंडून, एका हाताने होडीला धरून केलं. पाण्यात कापूस ठोकून बसेना. मग कॅनव्हासच्या लांब पट्टीवर आधीच कापूस शिवला, डांबर फासलं आणि ती पट्टी सांधेवर तांब्याच्या चुकांनी ठोकली. त्यावर तांब्याचा पत्रा. मध्येच शार्क घिरट्या घालू लागला, तेव्हा वर येऊन बंदुकीने त्याला मारावं लागलं. ही दुरुस्ती टिकली. पुढे आपोआप दिशा धरणारं यंत्र मोडलं, रेडिओ बंद पडला, पिण्याचं पाणी दूषित झालं. सुहैली मात्र परत आली.

यानंतरची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मला ती प्रवासाइतकीच महत्त्वाची वाटते.

१९९७ मध्ये सुहैलीला ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आलं. सन्मानच होता तो. वर छप्पर, नियंत्रित हवा, ना ऊन ना पाऊस. आणि होडी मरू लागली. लाकडी होडीच्या फळ्या पाणी पिऊन फुगतात, एकमेकींना घट्ट दाबतात आणि त्या दाबानेच सांधे बंद राहतात. कोरड्या हवेत फळ्या आकसल्या आणि सांधे उघडू लागले. चाळीस हजार किलोमीटरहून जास्त समुद्राने जे केलं नाही, ते काळजीपूर्वक राखलेल्या हवेने चालवलं होतं. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टनने तिला तिथून बाहेर काढलं, दुरुस्त केलं आणि पुन्हा पाण्यात सोडलं. पुढे काही वर्षांनी तिला परत किनाऱ्यावर घेऊन मोठी डागडुजी झाली, आणि सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ स्वतः हातात हत्यार घेऊन त्यात राबला. १४ जून २०१८ ला, निघाल्याच्या पन्नासाव्या वर्षी, सुहैली फाल्मथच्या पाण्यात शिडं उभारून होती. गंमत म्हणजे तिच्या नावाचा तारा फाल्मथहून कधीच दिसत नाही. इतक्या उत्तरेला अगस्ती क्षितिजाच्या वर येतच नाही.

संग्रहालयांवर टीका करायची म्हणून मी हे सांगत नाही. ट्रिंकोमालीही एका संग्रहालयाच्या आवारातच आहे, पण पाण्यावर. प्रश्न इतकाच असतो, की जपायची वस्तू कशावर जगते, हे जपणाऱ्याला माहीत आहे का.

लाकडाची ही कथा ऐकून कुणी म्हणेल, फायबरचं बरं, त्याला ना कूज ना कीड. साठच्या दशकात सगळ्यांना हेच वाटलं होतं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलीडो शहराजवळ काचतंतूंचा उद्योग वाढला आणि तिथेच रे ग्रीनने १९४२ च्या सुमारास काचतंतू नि रेझिनची छोटी शिडाची होडी बनवली. युद्धानंतर हे तंत्र पसरलं. १९५९ मध्ये पिअरसन चुलतभावांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘ट्रायटन’ ही कार्ल अलबर्गने आखलेली २८ फुटी होडी मांडली आणि पुढच्या काही वर्षांत अशा सातशेहून अधिक विकल्या. साच्याला आतून गुळगुळीत जेलकोट लावायचा, त्यावर काचतंतूंची चटई अंथरायची, रेझिन ओतून रोलर फिरवायचा, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. मिस्त्री नको, सागवान नको. मास्तर, कारकून, नळदुरुस्ती करणारा, कुणीही हप्त्यावर होडी घेऊ शकला. समुद्र श्रीमंतांच्या हातून सुटला तो या काचेच्या चटईमुळे, हे कबूल करायला हवं.

या पहिल्या पिढीतल्या होड्यांचं एक वैशिष्ट्य पुढे मोठं वरदान ठरलं. हा नवा पदार्थ किती टिकेल याचा बांधणाऱ्यांना भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी तळ जाडच्या जाड ठेवले. परिणामी साठ वर्षांनंतर अमेरिका-युरोपात लोकांच्या परसात, ताडपत्रीखाली अशा होड्या उभ्या असतात, रंग उडालेल्या, आत पाणी साचलेल्या, पण तळ धडधाकट. त्या जवळजवळ फुकट मिळतात. त्या घेऊन शनिवार-रविवारी, वर्षानुवर्षं त्यांची डागडुजी करणाऱ्यांची एक जमातच आहे.

यात काय करावं लागतं? तळ क्वचितच दगा देतो, दगा देतो तो डेक. वजन कमी राहावं म्हणून डेकच्या दोन फायबर थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा प्लायवूड भरलेलं असतं. कुठल्याशा स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि वरून चकचकीत दिसणारा डेक आतून लगदा होतो. हातोडीच्या दांड्याने ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला की तिथे कापायचं. वरची कातडी कापून उचलायची, कुजलेलं लाकूड खरवडायचं, वाळू द्यायचं, नवं भरायचं, इपॉक्सीने पुन्हा बंद करायचं. तळाला कधी कधी फोड येतात, कारण जेलकोटमधून पाणी फार हळू आत झिरपतं आणि तिथल्या रसायनांशी मिळून दाब धरतं. फोड फोडला की आंबट, व्हिनेगरसारखा वास. मग जेलकोट सोलून काढायचा आणि होडी महिनोन्महिने वाळवत ठेवायची. लाकडी होडीला कोरडेपणा मारतो, फायबरच्या होडीला ओल. दोघींचं पथ्य उलट. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजते ती वेगळीच, तोंडाला मास्क नसेल तर फुफ्फुसात जाते. खर्चाचा हिशेब मांडणाऱ्याने तर या भानगडीत पडूच नये.

आणि जी होडी कुणी दुरुस्त करत नाही, ती जात नाही. लाकूड मातीला मिळतं. फायबर कुजत नाही, वितळवून पुन्हा वापरता येत नाही, जाळलं तर धूर विषारी. टिकाऊपणाचं हे दुसरं टोक साठ साली कुणाच्या डोक्यात नव्हतं.

२०१८ मध्ये सुहैलीच्या प्रवासाची पन्नाशी म्हणून तीच शर्यत जुन्या रीतीने पुन्हा झाली. जीपीएस नाही, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे. होड्यांसाठी नियम असा, की आराखडा १९८८ पूर्वीचा, लांबी ३२ ते ३६ फूट, तळाचा कणा लांब. म्हणजे परसातल्या त्या जुन्या फायबरच्या होड्यांनाच आमंत्रण. बहुतेकांनी तेच केलं : जुनी होडी घेतली, डेक उघडला, डोलकाठी बदलली, सांधे भक्कम केले. पहिला आलेला फ्रान्सचा ज्याँ-लुक व्हॅन डेन हीड तेव्हा ७३ वर्षांचा होता, आणि त्याची होडी फायबरची होती. हे १९६८ च्या निष्कर्षाला परस्पर उत्तर झालं.

या शर्यतीत भारतीय नौदलाचा अभिलाष टॉमी होता, आणि त्याची होडी ‘थुरिया’ ही सुहैलीचीच प्रतिकृती, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत लाकडात बांधलेली. या साखळीत एक मराठी माणूस आधीपासून होता. नौदलातले दिलीप दोंदे २००६ मध्ये नॉक्स-जॉन्स्टनच्या दुसऱ्या एका शर्यतीच्या तयारीला मदतनीस म्हणून गेले, तिथे शिकले आणि २००९-१० मध्ये दांडेकरांनीच बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. मुंबईने इंग्लंडला दिलेली विद्या अशी फिरून गोव्याला आली.

थुरियाचं नशीब सुहैलीसारखं नव्हतं. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, अभिलाषच्या पाठीचा कणा दुखावला आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्याला उचललं. होडी तिथेच सोडावी लागली. पाठीत सळ्या घालून घेतलेला हा माणूस २०२२ मध्ये पुन्हा उतरला, या वेळी रस्टलर ३६ या जुन्या आराखड्याच्या फायबरच्या होडीतून. संयुक्त अरब अमिरातीतल्या प्रायोजक कंपनीवरून होडीचं नाव ‘बयानात’. उर्दूवाल्याला ते ओळखीचंच : बयान, बयानात. शर्यत सुरू होण्याआधीच ती एका मोठ्या जहाजाला धडकली आणि पुढची बाजू मोडली. घाईघाईने दुरुस्त करून निघाली. वाटेत वाऱ्यावर दिशा धरणारं यंत्र मोडलं, तेव्हा अभिलाषने संडासाचं दार कापून त्याचा सुटा भाग बनवला. २९ एप्रिल २०२३ ला तो दुसरा आला. त्याच्या सव्वादोनशेहून जास्त दिवसांच्या प्रवासातलं ते दार मला फार जवळचं वाटतं. आमचे नाना ज्याला ‘जुगाड’ म्हणत नसत, ‘काम’ म्हणत, ते हेच.

कोकणात आता मासेमारीच्या होड्याही फायबरच्या होत चालल्या आहेत. लाकूड महाग, मिस्त्री म्हातारे, आणि त्यांच्या मुलांनी रंधा धरावा अशी कुणाची अपेक्षा नाही. नारळी पौर्णिमेआधी किनाऱ्यावर ऐकू यायचा तो सांधेत कापूस ठोकण्याचा एकसुरी आवाज कमी होत गेलाय. त्याच्या जागी ग्राइंडरचा आवाज आणि रेझिनचा वास आहे. मला यात रडण्यासारखं काही वाटत नाही. मच्छीमाराला परवडेल तेच तो वापरणार, आणि फायबरला ठिगळ लावणारा पोरगा हाही कारागीरच. पण वाकस, काथ्या, राळ, बरगडी यांच्याबरोबर शे-दोनशे शब्द निघून चाललेत. ते शब्द नुसते मराठी नाहीत, नुसते उर्दू नाहीत, आणि कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. गेल्या दोन वर्षांपासून मी मुलांना सुट्टीत एक काम देतो : घरात कुणाची नळी असेल तर तिची छायाप्रत आणा आणि त्या माणसाला, तो हयात असेल तर, जहाजावरचे वीस शब्द विचारा. एका मुलीने तिच्या आजोबांकडून चौसष्ट आणले.

नळ्यांच्या छायाप्रती आता माझ्याकडे एका फाइलीत आहेत. त्यांत बोटाचे ठसे आहेत, उंची आहे, अंगावरच्या खुणा आहेत, कुठल्या बोटीवर चढले, कधी उतरले, वर्तन कसं, सगळं आहे. माझ्या नानांचं नाव त्यांच्या नळीत इंग्रजी कारकुनांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं आहे, आणि तिन्ही चुकीचं.